हक्क, वहिवाट आणि एक ओंजळ पाणी

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या शताब्दीनिमित्त आमच्या अकोटात ज्या चर्चा चालल्या आहेत, त्यांत एक सूर वारंवार कानी पडतो, आणि तो लावणारी माणसे शिकलेली, सज्जन व समाजात मान असलेली असल्यामुळे त्याची उपेक्षा करून चालत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. महाडला जे झाले ते केवळ प्रतीकात्मक होते. एक दिवस पाणी पिऊन कोणाची तहान भागली नाही, उलट मार खावा लागला, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि डिसेंबरात पुन्हा जमलेले हजारो लोक पाण्याला हात न लावता परतले. शिवाय, जो हक्क मागायचा तो कायदेमंडळाच्या ठरावाने व पुढे न्यायालयाच्या निवाड्याने मिळालाच असता. मग मिरवणुकीने कटुतेखेरीज काय साधले? आणि शेवटी, हा कोकणातला प्रश्न होता; चोखोबांचा आणि गाडगेबाबांचा वारसा सांगणाऱ्या वऱ्हाडात माणसे सलोख्याने नांदत होती, तेव्हा महाडचे उत्सव येथे कशासाठी?

ही चारही विधाने मला असत्य वाटतात. ती बोलणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही; परंतु सद्‌हेतूने उच्चारलेले असत्य हे दुष्ट हेतूच्या असत्यापेक्षा अधिक काळ टिकते, कारण त्याला हरकत घेण्यास कोणी धजत नाही. म्हणून ही हरकत मी लेखी नोंदवीत आहे.

मी आयुष्याची तीस वर्षे महसुली दप्तरात घालविली आहेत. त्या दप्तरात बसलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही : कागदावर नाव असणे ही एक बाब, आणि जमिनीवर वहिवाट असणे ही दुसरी. खातेदाराचे नाव सातबाऱ्यावर ठळक असावे, फेरफार मंजूर असावा, वारसाची नोंद बिनचूक असावी, आणि तरीही शेतात नांगर दुसऱ्याचाच चालावा, असे शेकडो दाखले प्रत्येक तहसिलीत सापडतील. बारा वर्षे दुसऱ्याने उघडपणे व विरोधाविना कब्जा ठेवला, आणि मूळ मालक घरी बसून आपला दस्तऐवज कुरवाळीत राहिला, तर कायदासुद्धा त्या मालकाच्या पाठीशी उभा राहण्याचे नाकारतो. सार्वजनिक हक्काला मुदतीचा हा कायदा तंतोतंत लागू नसेल. पण त्यामागचा अनुभव लागू आहे. जो हक्क कोणी बजावीत नाही तो हळूहळू दुसऱ्याच्या वहिवाटीखाली गाडला जातो. चवदार तळ्याची सर्व कथा हक्क आणि वहिवाट यांच्या या झगड्याची कथा आहे, आणि तिच्याकडे या दृष्टीने पाहिल्यावाचून तिचे महत्त्व कळणार नाही.

प्रथम कायद्याची गोष्ट घेऊ. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी ठराव मांडून संमत करून घेतला की, सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गांना करू द्यावा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने त्याप्रमाणे हुकूम काढला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे १९२४ च्या आरंभी कायदेमंडळ, सरकार आणि नगरपालिका ही तिन्ही अस्पृश्यांच्या बाजूने होती. कागदपत्रांची मिसल परिपूर्ण होती. आणि पाणी? त्यानंतरची तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्यातून एक घोटही घेतला नाही. जे म्हणतात की हक्क ठरावानेच मिळाला असता, त्यांना माझा नम्र प्रश्न आहे की, ही तीन वर्षे तो ठराव काय करीत होता?

त्याहून बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. तीन वर्षे तो ठराव महाडच्या सनातनी मंडळींपैकी कोणालाही खुपला नाही. तो रद्द करावा अशी मागणी झाली नाही, कोर्टात दावा झाला नाही, कोणाचा धर्म बुडाला नाही. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग शिस्तीने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी पाणी घेतले, मागच्यांनी घेतले, आणि मगच सारे चक्र फिरू लागले. वीरेश्वराच्या मंदिरात शिरण्याचा बेत आहे अशी आवई उठवून प्रतिनिधींवर हल्ले झाले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेले एकशे आठ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे होत असता, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आणि डिसेंबरात दिवाणी दावा दाखल झाला. ठरावाचे भय कोणालाच नव्हते. भय होते ते ठराव वापरणाऱ्या माणसाचे. कागदाला उदारपणे संमती देऊन वहिवाट मात्र जशीच्या तशी ठेवावयाची, ही जी सुखाची व्यवस्था होती, ती एका ओंजळीने मोडली. कटुता त्या ओंजळीने निर्माण केली नाही. ती तेथे पिढ्यान्‌पिढ्या होतीच; एकाच पक्षाने ती गिळावी असा संकेत होता, म्हणून दुसऱ्या पक्षाला ती दिसत नव्हती.

आता न्यायालयाच्या निवाड्याविषयी. १२ डिसेंबर १९२७ रोजी दावा दाखल होऊन १४ तारखेस तात्पुरता मनाईहुकूम निघाला. वादींचे म्हणणे काय होते? अस्पृश्यांनी त्या तळ्यावर कधीच पाणी भरलेले नाही. स्पृश्यांचीच वहिवाट अनादी काळापासून आहे. सबब तीच कायदा होय. खालच्या न्यायालयांत हरल्यावर वादींनी उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. सत्याग्रहाला दहा वर्षे होण्यास तीन दिवस कमी होते. हा निकाल आपण अभिमानाने सांगतो, आणि तो सांगावाच. पण त्याचा आधार काय होता हेही वाचले पाहिजे. सर्व माणसे समान आहेत, म्हणून तळे सर्वांना खुले, असे न्यायालयाने म्हटले नाही. बहिष्काराची रूढी अनादी असल्याचे वादींना शाबीत करता आले नाही, एवढ्यावर तो निकाल उभा होता. रूढी शाबीत झाली असती तर? तर त्या काळच्या कायद्याने अन्याय हाच न्याय ठरला असता. म्हणून न्यायालयाने आपोआप न्याय दिला असता असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, पाणी प्यालेच नसते तर दावा झाला नसता, आणि दावा झाला नसता तर निवाडाही झाला नसता. दुसरी ही की, वहिवाटीला कायद्याच्या गादीवरून खाली खेचण्याचे काम त्या निवाड्याने केलेच नाही. ते राज्यघटनेने केले.

आणि घटनेत ते कसे झाले पाहा. तेराव्या अनुच्छेदाने रूढी आणि परिपाठ यांनाही ‘कायदा’ या संज्ञेत ओढून, मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेथे त्यांना निरर्थक ठरविले. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा उल्लेख असून, सर्वस्वी वा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या जागी जातीच्या कारणाने कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे नमूद केले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तो संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केला. स्वातंत्र्य, समता, बंधुता अशा उदात्त शब्दांच्या ग्रंथात विहीर आणि तलाव हे रोजच्या वापरातले शब्द कोठून आले, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी १९२३ चा ठराव आणि महाडचा दावा शेजारी ठेवून वाचावा. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी ज्या तळ्यावर ओंजळ भरली, आणि ज्याच्या वहिवाटीसाठी ते दहा वर्षे प्रतिवादी म्हणून उभे राहिले, त्या तळ्याचे पाणी त्या खंडात आहे असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

महाड प्रतीकात्मक होते, हा आक्षेप दोन अंगांनी चुकीचा आहे. कामधंद्यासाठी वा सरकारी कामासाठी महाड गावात येणाऱ्या अस्पृश्याला पाणी मिळण्याचे ठिकाण म्हणजे त्यांच्या वस्तीतील एकच विहीर होती. ती गावाच्या मध्यापासून दूर, आणि नगरपालिकेच्या दुर्लक्षाने गाळाने भरलेली. परिषदेच्या मंडपात पाणी हवे म्हणून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले असताना ज्यांना पाणी विकत घ्यावे लागते, त्यांच्या तहानेला प्रतीक म्हणणे हे ज्यांच्या घरी आड आहे त्यांनाच सुचू शकते. दुसरे अंग असे की, बाबासाहेबांनी स्वतःच डिसेंबरातील भाषणात स्पष्ट केले होते की, ते पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नाही. समतेचा दंडक घालून देण्यासाठी तळ्यावर जावयाचे आहे. आणि त्यांनी त्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. ज्या कृतीत तहान आणि तत्त्व ही एकाच ओंजळीत आली, तिच्यातील तहान वजा करून तिला प्रतीक म्हणणे, किंवा तत्त्व वजा करून तिला पाणीभरणी म्हणणे, या दोन्ही रीती तिला लहान करण्याच्या आहेत.

डिसेंबरातील माघारीला अपयश म्हणणाऱ्यांनी त्या दिवसांची परिस्थिती डोळ्यांपुढे आणावी. सभेला जागा द्यावयास कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. हजारो माणसे जीव मुठीत धरून, तुरुंगाची तयारी करून आली होती. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते, ही गोष्ट हा लढा कोणत्या जातीविरुद्ध नसून कोणत्या व्यवस्थेविरुद्ध होता हे सांगते. अशा तापलेल्या जनसमुदायाला न्यायालयाचा मनाईहुकूम मानावयास लावणे, आणि तळ्याला नुसती प्रदक्षिणा घालून हजारोंना शांतपणे घरी पाठविणे, हे सामर्थ्याचे लक्षण आहे. मार्च महिन्यात मार खाल्लेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेली माणसे होती. त्यांना हात उगारावयाचा असता तर महाडचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. त्याच डिसेंबरात बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वतंत्रपणे उद्देशून, पेहरावावरून जात ओळखू येईल असे राहू नका, मुलींना शिकवा, असे सांगितले. पाण्याची घागर जिच्या डोक्यावर असते तिच्याशी बोलल्यावाचून पाण्याचा लढा पुरा होत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आता वऱ्हाडच्या सलोख्याचा मुद्दा. बोले यांचा ठराव मुंबई इलाख्याचा. नावाने निजामाचा पण कारभाराने मध्यप्रांताला जोडलेला आपला वऱ्हाड त्या ठरावाच्या कक्षेतच नव्हता. येथे सलोखा होता तर १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी वऱ्हाडातील अस्पृश्यांना परिषद का भरवावी लागली? त्या लढ्यात पुढे असलेले डॉ. पंजाबराव देशमुख हे पापळच्या कुणब्याच्या घरातले. त्यांनी अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद हाती येताच सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. जे आधीच खुले असते ते खुले करावे लागत नाही. आणि गाडगेबाबांचे नाव घेणाऱ्यांनी पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचा विचार करावा. शेणगावच्या त्या संताने भिक्षेच्या पैशातून अस्पृश्य वारकऱ्यांसाठी वेगळी धर्मशाळा बांधली, ती इतरांच्या धर्मशाळांत त्यांना थारा नव्हता म्हणून. ती इमारत म्हणजे सलोख्याविरुद्ध दिलेली दगडमातीची साक्ष आहे. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा हे ज्यांचे गाव मानले जाते, त्या चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर पायरीजवळ आहे, आणि त्या दारातून त्यांच्या लेकरांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावावे लागले. संतांच्या नावाने सलोख्याचा दावा करणाऱ्यांनी निदान संतांना तरी साक्षीदार म्हणून बोलावू नये. त्यांची साक्ष उलट पक्षाला जाते.

येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दुसऱ्यांच्या गावाविषयी बोलून स्वतःच्या गावाविषयी गप्प राहणे हा अप्रामाणिकपणा होईल. अकोटच्या दक्षिणेला पूर्णेच्या बाजूने उतरत गेले की खारपाणपट्टा लागतो. त्या मुलखात विहीर खणावी तर खारे पाणी लागते. गोड्या पाण्याची विहीर गावात एखादीच. आमच्या गावीही ती एकच होती. मी सात वर्षांचा असेन; म्हणजे घटना अमलात येऊन आठ वर्षे, आणि १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम लागू होऊन तीन वर्षे झाली होती. तरीही बौद्धवाड्यातील बाया विहिरीपासून दूर घागरी मांडून बसत, आणि आमच्यासारख्या घरची कोणी बाई येऊन, मर्जी असेल तेव्हा, वरून पाणी ओती. माझी आजी रोज ओती. ती दयाळू म्हणून गावात ओळखली जाई. एके दिवशी, ज्यांच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती अशांपैकी एक तरुण बाई उठली, काठावर आली, पोहरा सोडला आणि आपली घागर आपण भरून घेऊन गेली. संध्याकाळी चावडीवर बैठक बसली, पुष्कळ आवाज चढले, दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर चिटपाखरू नव्हते. तिसऱ्या दिवशी आजीने घागर उचलली. कोणी हटकले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘दुसऱ्या इहिरीचं पानी खारं हाय, मंग जावाचं कुठं?’

मी पुढे कितीतरी ग्रंथ वाचले, पण महाडचा अर्थ मला त्या विहिरीवर कळला. आजीची दया वर्षानुवर्षे जे करू शकली नाही, आणि दिल्लीचा अधिनियम तीन वर्षांत जे करू शकला नाही, ते एका बाईने एक पोहरा सोडून केले. आणि ती तो सोडू शकली, कारण तिच्या जन्माच्या सुमारास कोणीतरी महाडला ओंजळ भरली होती, आणि ती गोष्ट वाड्यावाड्यांत सांगितली गेली होती. कायदा निरुपयोगी होता असे मी म्हणत नाही. त्या बाईवर फौजदारी झाली नाही, तिचे घर जळाले नाही, यात कायद्याचा वाटा असेलच. पण कायदा मागे उभा राहतो. पुढचे पाऊल माणसालाच टाकावे लागते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीही नाही. अमेरिकेच्या घटनेत १८६८ साली चौदावी दुरुस्ती होऊन कायद्याचे समान संरक्षण कृष्णवर्णीयांना मिळाले, कागद झाला. तरीही १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडली नाही म्हणून अटक झाली, आणि तेथील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी सुमारे अडीच लाख माणसे वॉशिंग्टनमध्ये जमली, आणि पुढल्या वर्षी नागरी हक्कांचा अधिनियम झाला. दुरुस्ती आणि अधिनियम यांच्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षे गेली. वॉशिंग्टनच्या मोर्चाची महती आपल्याकडील सुशिक्षित निःसंकोच गातात. मग त्याच्या छत्तीस वर्षे आधी, वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार नसताना, कोकणातल्या एका लहान गावी, पायी आलेल्या काही हजार माणसांनी जे केले, त्याची महती गाताना आपला आवाज का अडखळतो?

आता नळ आले आहेत, वान धरणाचे गोड पाणी खारपाणपट्ट्यातील गावांपर्यंत पोहोचते, विहिरीवर कोणी जात नाही, मग जुनी दुखणी कशाला उकरावयाची, असा शेवटचा बचाव ऐकू येतो. नळाने पाणी आणले ही आनंदाची गोष्ट आहे. पण नळाने विहिरीवरचा प्रसंग टाळला, मनातली वहिवाट मोडली असे नव्हे. ती खात्री करावयाची असेल तर गावच्या स्मशानात जावे. महाराष्ट्रातील कित्येक गावांत आजही स्मशानभूमी जातीजातींच्या वेगळ्या आहेत. कागदावर सारी जमीन ग्रामपंचायतीची, वहिवाट मात्र पूर्वापार. पाणी सरकारने घरात आणून दिले म्हणून प्रश्न सुटला असे वाटत असेल, तर जेथे सरकार काही आणून देऊ शकत नाही तेथे, म्हणजे तिरडीवर, पंगतीत आणि सोयरिकीत, तो सुटला आहे काय, हे ज्याने त्याने स्वतःच्या घरी पाहावे.

म्हणून माझी अकोटच्या आणि सबंध वऱ्हाडच्या वाचकांना, विशेषतः ज्यांचे वाडवडील माझ्या वाडवडिलांप्रमाणे विहिरीच्या काठावर होते त्यांना, कळकळीची विनंती आहे. २० मार्चला हार घालावेत, भाषणे करावीत. पण त्या दिवशी आपल्या गावातील एक तरी जागा शोधावी, जी कागदावर सर्वांची आहे आणि वहिवाटीने काहींचीच. ती स्मशानभूमी असो, सभामंडप असो, पाण्याची टाकी असो की शेताकडे जाणारी पांदण असो. तेथे ज्यांना जाऊ दिले जात नाही त्यांच्यासोबत जाऊन उभे राहावे. महाडला त्या दिवशी तळ्यावर नवीन हक्क निर्माण झाला नाही. तो आधीच लिहिलेला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा वापरला गेला, आणि म्हणून तो उरला.